माईक माझाच

९ डिसेंबर १९९५
पेणला घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. वीस वर्षं कासूच्या कबड्डी स्पर्धेची कॉमेंट्री केली, त्याने आवाज थकलाय म्हणाले. तीन दिवस मौन. मग ग्लासभर पाण्यात स्ट्रॉ धरून हळू 'हूं' करत बुडबुडे काढायचे, दिवसातून पाच वेळा. माईक असताना ओरडता कशाला, असंही विचारलं. माणसाने कबड्डी पाहिलेली दिसत नाही.
स्पर्धा तेवीसला. वेळ भरपूर.

१० डिसेंबर, सकाळी सात
मौन सुरू.

१० डिसेंबर, सकाळी नऊ
मौन का धरलंय, हे शेजारच्या केरूला समजावून सांगावं लागलं. पाऊण तास. बायको शांती म्हणाली, तीन दिवस राहू दे, तीन तास तरी गप बसा. उद्यापासून कडक.

१४ डिसेंबर
बुडबुडे. कसे काढायचे ते दाखवायला शांती दुसरा ग्लास घेऊन समोर बसते. तिचे बारीक, एकसारखे. माझ्याने लादी भिजते. जोर असला की होणारच.

१७ डिसेंबर
'हूं' प्रकार फारच मिळमिळीत. मी जुना चढाईपटू. दम मला शिकवू नये. मैदानात जाऊन एका दमात 'कबड्डी कबड्डी', चाळीस सेकंद, खणखणीत. पाचऐवजी पंधरा वेळा. डॉक्टरांना ही सुधारणा कळवणार.

१८ डिसेंबर
आवाज नाही. आत साठत असावा.

२२ डिसेंबर
अजून साठतोय. मंडळाचे अध्यक्ष महिपती आले. 'उद्या येईल' असं पाटीवर लिहून दाखवलं. ते शांतीशीच बोलत बसले. ठरलं : मी चिठ्ठ्या लिहायच्या, शांतीने माईकवर वाचायच्या. म्हणजे कॉमेंट्री माझीच.

२३ डिसेंबर
शांती हळू बोलली. ऐकू यावं म्हणून मैदान गप्प झालं. पाहुण्यांचा परिचय मी तीन पानी लिहिला होता. तिने एका वाक्यात उरकला. विशेषणं सगळी गाळली. दहाव्या चिठ्ठीनंतर तिने हात पुढे केला नाही. वीस वर्षांत प्रथमच अंतिम सामना उजेडात संपला. टाळ्या खूप. मजकुराला असणार.

२५ डिसेंबर
आवाज थोडा परतला. सकाळी महिपती नारळ घेऊन हजर. पुढच्या महिन्यात रोह्याशेजारच्या अष्टमी गावात स्पर्धा आहे, तिथलं मंडळ माईकसाठी विचारतंय म्हणाले. नाव रोह्यापर्यंत पोचलं तर. मी सदरा घातला, घसा साफ केला.
"दत्तादादा, तुम्ही नका बोलू, ताण नको," महिपती म्हणाले. "वहिनी हाय ना घरात?"
मी हाताने आत दाखवलं. आतून बुडबुड्यांचा आवाज येत होता. बारीक, एकसारखा.