बाबांच्या पाहुणीचा चहा

ताई,

ओट्यावर चहाचे पाच डबे दिसतील. घाबरू नकोस, आपण दुकान टाकलेलं नाही. बाबांच्या वाचनालयातल्या एक मैत्रीण आज घरी येतायत. त्यांना कुठला चहा आवडतो हे विचारायचा बाबांना धीर झाला नाही, म्हणून सगळेच आणले.

हिरवा चहा मी नेहमीसारखा दूध-साखर घालून खळखळ उकळला. पातेल्यात आहे. पिऊ नकोस, त्याने कुंपण रंगवू. पांढरा चहा पांढरा नसतोच. शिवाय पाणी उकळू द्यायचं नाही म्हणे! किती तापलंय ते बघायला बाबांनी त्यात बोट घातलं. मलम लावलंय.

शेवटी मी म्हटलं, "बाबा, आईला आवडायचा तसाच करू या."

ते म्हणाले, "कसा आवडायचा रे तिला?"

मला वाटलं होतं, त्यांना माहीत असेल. त्यांना वाटलं होतं, मला. रोज तीच करायची, आपण नुसते प्यायचो. बाबा तेव्हापासून गॅस बंद करून स्टुलावर बसलेत. मला त्यांचा राग यावा की कीव यावी, तेच कळेना.

मी पाहुण्यांना आणायला स्टॉपवर जातोय. तुला आठवत असेल, तर बाबांना सांग. नसेल आठवत, तरी काहीतरी सांगच.