आईचा घेवडा, वटारच्या पानमळ्यात

४ ऑक्टो. ९८, रवि.
घेवडा गॅलरीच्या ग्रिलवरून पार वरच्या मजल्यावर पोचला. वरच्या वहिनी खूश, फुकटची हिरवळ. फुलंही आली, लालभडक. पण शेंग? नावाला नाही! सकाळी फुललेली फुलं दुपारी फरशीवर. पाणी कमी? जास्त? हे म्हणतात, "डोंगरातल्या माणसाला इथलं चंदनसारचं ऊन कुठलं सोसायला!" मलाच टोमणा.

आईनं धरलेलं शेवटचं बी हे. ती गेली, आणि गावी आता बांधापर्यंत स्ट्रॉबेरी. दादाला विचारलं, कोणाकडेच उरलं नाही म्हणाला. माझ्या डबीत थोडं आहे. ते वाया गेलं की संपलंच.

११ ऑक्टो.
यांच्या मित्राकडे वटारला जेवायला. घरामागे पानमळा. आत पाऊल टाकलं नि अगं बाई, काय गारवा! बाहेर घामाच्या धारा, आत आमच्या गावची सकाळ. मित्राच्या आईला, काकूंना, तिथंच विचारलं, इथं घेवडा लावून बघू?
काकू बी हातात फिरवत राहिल्या. जांभळ्यावर काळे ठिपके. "हे खायचं की माळेत ओवायचं?" मग स्वतःच कडेला आळं केलं. निम्मं लावलं. निम्मं परत डबीत, धीर होईना.

६ डिसें.
काकूंना फोन केला. फुलं आली, गळतायत मेली. पण एक काळा भुंगा रोज येतो म्हणे. "तुझ्या गॅलरीत यायचा का गं?" नव्हता येत. मग ऊन नडलं, की भुंग्याचं नसणं? दोघी फोनवर तर्क लढवत बसलो. हे घड्याळाकडे बघतायत, बिल...

२० डिसें.
शेंग!! एकच. करंगळीएवढी. काकूंनी दृष्ट लागू नये म्हणून शेजारच्या काठीला काळं फडकं बांधलंय. हसू आवरेना.

३१ जाने. ९९, रवि.
शेंग पिवळी पडली, आज काढायची ठरलेली. आणि नेमकी आजच पाळी. पानमळ्यात अशा दिवसांत बाई जात नाही, वेल करपते म्हणतात. काकूंचं घर पानावर चालतं. खोटं बोलवेना. जाऊन सांगितलं, कुंपणाबाहेर थांबले.
काकू आतून ओरडून सांगत होत्या. "वाजतेय गं खुळखुळ!"
"टोकाला उकललीय का?"
"दिसत नाय नीट. उकलली तर दाणे चिखलात जायचे. ओढू का?"
"हळू काकू, वेल तुटेल!"
मग त्या कुंपणाशी आल्या. "मी पण कधी गेले नाय त्या दिवसांत. सासूनं सांगितलं, ऐकलं. पण कोणी जाऊन बघितलंय का?"
म्हटलं, मला काय ठाऊक.
"ये आत."
"काकू, वेली..."
"ये म्हणते ना! आईचं बी तुझ्या, तूच काढ."
गेले. शेंग खुडली, हातावरच उकलली. चार दाणे, ठिपके अगदी तस्सेच. रडले मी, सरळ रडले.
काकूंचं लक्ष दाण्यांकडे नव्हतंच. त्या रांगेतून फिरत एकेक पान उलटून बघत होत्या.
"घरात बोलू नको हां," म्हणाल्या. "करपली तर आधी तुलाच बोलावीन बघायला."