शेवटची बावीस पानं

२० फेब्रु. १९९०, धुळे
वाचनालयात गेले. पापड केंद्रात दुपारी वाचून दाखवायला नवीन कादंबरी हवी होती. तिथले पाटीलभाऊ म्हणाले, "ताई, बायकांना आता रडकं चालत नाही. घर सोडणारी बाई पाहिजे. नंबर लावून नेतात." मी उडालेच! सहा वर्षं वाचतेय केंद्रात. आधी सोसणाऱ्या सुना, मग दोन वर्षं भुतांचे बंगले, मग डॉक्टर-नर्सची प्रेमं. आता हे. कोण नेतं म्हणून यादी बघितली तर बँकवाल्या, मास्तरणी, आणि चक्क आमच्या गल्लीतली सत्यनारायण घालणारी काकू. कमाल आहे.
आणली. आपलं मत वाचून झाल्यावर.

२३ फेब्रु.
वाचायला सुरुवात. अकरा जणी, समोर पोळपाट, मध्ये उडदाच्या पिठाचा गोळा. नायिका वसुधा, नवरा मारकुटा. तो भरलं ताट भिरकावतो तिथं अकरा लाटणी थांबली. सगळ्यांत वडील अक्का. ती म्हणे, "मंग काय व्हयनं, ताई? लवकर वाचा, पीठ वाळी जाई."
फक्त विमलचं लाटणं पुढं सुरूच झालं नाही. विमल म्हणजे केंद्रातल्याच सिंधूबाईची मुलगी. सासर शिंदखेड्याचं. चौदा महिने झाले, माहेरी आहे. आली तेव्हा भुवई फुटलेली होती. बोलत नाही फार. एरवी तिच्याइतका पातळ पापड कुणाचा नाही.

५ मार्च, सोमवार
शेवट आधी घरी वाचून काढला. अरे देवा. वसुधा परत जातच नाही! नवरा दाराशी येतो, ही त्याला तांब्याभर पाणी देते आणि वाटेला लावते. खोली घेते, दारावर स्वतःच्या नावाची पाटी. संपलं. कुणी मरत नाही, कुणी पस्तावत नाही. दोनदा पान उलटून पाहिलं, पुढं काही छापायचं राहिलं की काय.
हे म्हणाले, "मग तुला काय व्हायला हवं होतं?"
काय म्हणजे? संसार. अक्कासारख्या बाईपुढं हे कोणत्या तोंडानं वाचू? आपल्याकडं चालायचं नाही.

९ मार्च
केलं एकदाचं. शेवटची बावीस पानं डोळ्यांनी एक वाचली, तोंडानं दुसरी सांगितली. नवरा रडला, देवापुढं शपथ घेतली, वसुधा परत गेली, दुसऱ्या दिवशी त्यानं तिला चहा करून दिला. पानं मात्र वेळेवर उलटत होते. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मला तर वाटलं, आपण लेखिकाच व्हायला हवं होतं.
विमल रडली नाही. उठताना विचारलं, "तो खरंच सुधरना का, ताई?"
म्हटलं, हो तर. सुधारला.

१४ मार्च, बुध.
सिंधूबाई सकाळीच दारात, हातात पेढ्यांचा पुडा. "मनी विमल गई, ताई. सासरले गई. तुमनं पुस्तक आयकीसन गई." आणि वाकून नमस्कार. मला! विमल पहाटेच्या एसटीनं एकटीच गेली म्हणे.
खरं सांगायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात तिनं त्यात पेढा घातला. खाल्ला मी. काय करणार होते?

२९ मार्च
सिंधूबाई लेकीला भेटून आली. विमलच्या उजव्या हाताची दोन बोटं बांधलेली. दारात चेंगरली म्हणते. सिंधूबाई सांगताना वर बघत नव्हती.
विमलचा निरोप: ताईंना म्हणावं, ते पुस्तक पाठवा. हे अजून सुधारले नाहीत, माझंच काही चुकत असेल. वसुधानं काय केलं ते नीट वाचून बघते. सातवी झालीय पोरगी, वाचता येतं तिला.
ते पान नाहीच आहे. पुस्तकात नाहीच आहे ते.

३० मार्च
जेवण गेलं नाही. बावीस पानं फाडून टाकावीत, वाचनालयाला म्हणावं आधीच नव्हती... असंही मनात आलं. माझ्या! शेवटी ह्यांना सांगितलं. पेपर खाली ठेवला त्यांनी. "तू?" एवढंच.

२ एप्रिल, सोम.
केंद्रात सगळ्यांसमोर सांगून टाकलं. मी शेवट बदलला. असला शेवट तुम्हाला आवडणार नाही, लाज वाटेल, असं वाटलं मला.
लाटणी थांबली. अक्का म्हणाली, "लाज तुमले वाटनी. आमले कसाले वाटी? आते बठ्ठं खरं वाचा."
वाचलं. सगळं, जसं छापलंय तसं. कुणी रडलं नाही. वसुधा नवऱ्याला पाणी देऊन वाटेला लावते तिथं एक जण फिसकन हसली, मग सगळ्याच. अक्का तर ठसका लागेपर्यंत. सहा वर्षं यांची आवड मला ठाऊक आहे म्हणून मिरवत होते. माझीच आवड वाचत होते की काय इतकी वर्षं?
सिंधूबाई हसली नाही. पोळपाट पिशवीत घातला आणि निघून गेली. मला हाक मारायचा धीर झाला नाही. फार फार लाज वाटते.

४ एप्रिल, बुध.
सकाळी आठला सिंधूबाई. आत आली नाही. "पुस्तक द्या."
म्हटलं, मी येते बरोबर, विमलची माफी मागते, सगळं समजावून सांगते.
"तुमी नका या. आते ती सोता वाची."
पुस्तक दिलं. सगळ्या पानांसकट. आत चिठ्ठी ठेवलीय, मी खोटं सांगितलं, असं स्पष्ट लिहून. तिनं पिशवीत टाकलं आणि स्टँडकडं गेली.

संध्या. साडेसहा.
शिंदखेड्याची शेवटची एसटी सातला येते. सिंधूबाई त्याच गाडीनं परतणार. एकटी उतरते की दोघी, ते स्टँडवर गेल्याशिवाय कळायचं नाही. दुपारपासून तीनदा चपला घातल्या नि काढल्या. ह्यांनी आता विचारलं, "मी येऊ?"
म्हटलं, चला.