हेदवीला धाडलेलं चित्र

२ जानेवारी १९३४, सकाळी.
ठरलं. हेदवीच्या सावित्रीच्या घरी माझा फोटो पाठवायचा नाही. फोटो काय, कॅमेऱ्यापुढे गाढव उभं केलं तरी निघतो. मी माझं चित्र स्वतः काढणार. तळहाताएवढं, लाकडी फळीवर. आमच्या कस्टम कचेरीतल्या एका तरी कारकुनाला जमेल?
मामांकरवी वय अठ्ठावीस कळवलंय. आई म्हणते, अठ्ठावीस संपून बारा दिवाळ्या झाल्या, आणि हे स्थळ गेलं तर ती पुन्हा कुणाच्या दारात जाणार नाही. आईला कलेतलं काही कळत नाही.

५ जानेवारी.
इंग्रजी पुस्तक सांगतं, रंग जवसाच्या तेलात कालवा. साहेबाच्या देशात नारळ नाही, बिचारा करणार काय? घरात खोबरेलाची बरणी भरलेली असताना जवस शोधत फिरायला मी काय घाटावरचा आहे? खोबरेलात कालवले. हात झकास फिरला. केस जरा दाट काढलेत. लग्नानंतर येतीलच.

९ जानेवारी.
अजून ओलं. वर चकाकी केवढी. चकाकी म्हणजे शुद्ध गावंढळपणा, जत्रेतल्या बाहुल्या चकाकतात. टीपकागद दाबला. डावी भुवई कागदाबरोबर गेली. कागदच हलका होता. भुवई पुन्हा काढली, पहिल्यापेक्षा रुबाबदार.

११ जानेवारी.
चुलीतली राख मारली. चकाकी गेली, पण काविळीतून उठल्यासारखा दिसायला लागलो. राख पुसून तांदळाची पिठी मारली. तासाभरात मुंग्या. आई म्हणाली, चला, मुंग्यांना तरी मुलगा पसंत आहे. दुर्लक्ष केलं.

१४ जानेवारी, संक्रांत.
शेजारच्या यमुनाबाई तिळगूळ घेऊन आल्या. चित्रावर वाकल्या आणि माझ्या गालावर तीळ चिकटला. नजर लागू नये म्हणून राहू दिला.

१८ जानेवारी, पहाटे.
थंडी मरणाची. आणि चित्र सुकलं. बोट लावलं, चिकटत नाही. चकाकीही साफ गेली. पुस्तकवाल्या साहेबाने येऊन बघावं. आई तिकडे खोबरेल थिजलं म्हणून बरणी उन्हात ठेवायच्या गडबडीत. बायकांना नसती कामं.
गंगाराममामा आजच शिडाच्या पडावाने हेदवीला निघालेत. चित्र उशीतल्या सावरीच्या कापसात गुंडाळून त्यांच्या हवाली केलं.

२४ जानेवारी.
मामा परतले. एक काम धड होईल तर शपथ. वारा पडला, पडाव भर दुपारी उन्हात तळत राहिला आणि मामांनी पुडकं उघड्यावर ठेवलं. हेदवीला पुडकं सोडलं तर सगळा कापूस तोंडाला चिकटलेला. डोकं पांढरं, हनुवटीला पांढरी दाढी. सावित्रीच्या आजीने चित्राला गंध लावलं, हार घातला आणि विचारलं, मुलाचे आजोबा वारले कधी? मामा घाबरून म्हणाले, गेल्या शिमग्यात.
म्हणजे मामा मला पोचवूनच आले. असो. आता सावित्रीचे वडील मुलगा बघायला स्वतः येणार आहेत. उत्तमच. अस्सल समोर असताना नक्कल कशाला?

४ फेब्रुवारी, संध्याकाळी.
सावित्रीचे वडील येऊन गेले. चित्र बरोबर आणलं होतं. बराच वेळ माझ्याकडे बघितलं, मग चित्राकडे, मग पुन्हा माझ्याकडे. शेवटी चित्र माझ्या हातात ठेवून म्हणाले, आजोबा कसले, हे तर हुबेहूब तुमचंच आहे. चहा न घेता निघाले.
हुबेहूब म्हणाले. कापसासकट. अशी दाद रत्नागिरीत आजवर कुणाला मिळाली नसेल. स्थळ काय, गेलं.
आईने उरलेल्या खोबरेलाची बरणी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, चार केस आहेत तोवर डोक्याला लाव.
लावलं. आरशात पाहिलं. चकाकी फार आहे.