द्वाड आहे माझी

आई, काल डोंबिवलीत आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी तुझा शब्द वापरला. द्वाड. तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरू बाईंच्या मुलीने लिफ्टचा मेन स्विच बंद केला आणि चेअरमन आत अडकले. घामाघूम होऊन बाहेर आले आणि त्यांनी लगेच मीटिंगच बोलावली. मुलीची आई मांडीवरची पर्स घट्ट धरून कोपऱ्यात बसली होती. घरात कमावणारी ती एकटीच. ऐन शाळेच्या दिवसांत घर सोडायला लावलं तर मुलीला घेऊन जाणार कुठे? सेक्रेटरी म्हणाले, "मालकाला सांगून टाकू, रूम खाली करून घ्या. ही साधी मस्ती नाहीये, ही पोरगी म्हणजे..." पुढचा शब्द त्यांच्या ओठांवर आलेला मला दिसला, आणि मला आपली कळव्याची चाळ आठवली.

घरमालकाच्या मुलीला बघायला पाहुणे आलेत, आणि मी बाहेरून कडी घालून पळालेय. संध्याकाळी मालक आपल्या दारात उभा. "या भाऊ, बसा," म्हणत तू चहा टाकतेस आणि त्याने तोंड उघडायच्या आत म्हणतेस, "द्वाड आहे हो माझी." चाळीतली रीतच होती ती. आईने आधीच द्वाड म्हटलं की समोरच्याला त्याहून वाईट काही म्हणता येत नसे. वाया गेलेली, बिघडलेली ही लोकांची मुलं. द्वाड मात्र आपलंच असतं, त्याने केलेलं आपणच निस्तरायचं असतं. मालकाला कप देताना बशी खडखडत होती. तू संतापली आहेस असं मला वाटलं, आणि तो गेल्यावर पाठीत लाटणं बसलं तेव्हा खात्रीच पटली.

काल मी उभी राहिले. "द्वाड आहे ती. बाकी काही नाही."

"द्वाड म्हणजे?" एका तरुण मुलाने विचारलं.

"मस्तीखोर. पण आपली."

"काकू, तुमची कोण लागते ती?" चेअरमन म्हणाले.

"माझीच आहे असं समजा. परत काही केलं तर माझ्या दारात या. चहा देईन."

कोणी हसलं नाही. निर्णय पुढच्या मीटिंगवर गेला, एवढंच. खाली बसून पाणी प्यायला गेले तर ग्लास दातांवर वाजायला लागला. हे तुझ्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच लिहिता येतंय. त्या दिवशी तू चिडलेली नव्हतीस, घाबरली होतीस. आणि मी इतकी वर्षं त्या लाटण्याचा राग धरून बसले.