शून्य पूर्णांक तीन मेगापिक्सल

३ मार्च, सोमवार

सहाशे चाळीस गुणिले चारशे ऐंशी — तीन लाख सात हजार दोनशे. भागिले दहा लाख. शून्य पूर्णांक तीन मेगापिक्सल! आईचा शेवटचा चांगला फोटो एवढाच. आणि बाबांना तो हवाय तीन फूट बाय सव्वादोन फूट!

दिवसभर प्रिंटिंगच्या दुकानात गिऱ्हाइकांना हेच समजावून घसा बसतो — रुंदी गुणिले उंची, दहा लाखांनी भागा, फोटो किती मोठा होईल ते कळेल. घरी येऊन पुन्हा तेच पुराण. एवढ्या मोठ्याला साडेनऊ-दहा मेगापिक्सल तरी हवेत. "जमेल तेवढा मोठा कर," एवढंच बाबांचं. ऐकतच नाहीत.

४ मार्च

थकले. काही लिहायचं नाही.

६ मार्च, गुरुवार

धाकट्या भावाला फोन केला. फोटो त्यानेच काढलेला, बारा मेगापिक्सलच्या फोनवर. आमच्याकडे आला तो मेसेजमधून, आक्रसून. मूळचा पाठव म्हटलं, तर म्हणे, "ताई, तो गेला गं. फोन भरला होता, सगळं साफ केलं. म्हटलं तुमच्याकडे आहेच की!"

तोंडाला येईल ते बोलले. आई जाऊन वर्ष झालं नाही आणि हा साफसफाई करतो! फोन ठेवल्यावर रडू आलं. खरा राग स्वतःचाच — त्या दिवशी मीही तिथेच होते. माझ्या फोनवर एक फोटो काढायला काय झालं होतं मला?

८ मार्च, शनिवार

धाकट्याचा मेसेज — "ताई, झालं काम! चार हजार बाय तीन हजार. कर गुणाकार, बारा मेगापिक्सल!" दुकानात मोठ्याने ओरडलेच. उघडला. तोच फोटो! पठ्ठ्याने कुठल्याशा ॲपमध्ये ताणलेला. आकडा बाराचा, आई तशीच धुरकट. दुधात पाणी ओतून लिटर वाढवल्यासारखं.

रागवायचंही त्राण नव्हतं. "बरं केलंस रे," म्हटलं. बिचारा, त्यालाही खात असणार मनातून.

११ मार्च, मंगळवार

बाबांना समोर बसवून सांगितलं — पंज्याएवढा छान येईल, टेबलावर ठेवू. भिंतीसाठी वाढवला, तर आईच्या डोळ्यांच्या जागी नुसते करडे चौकोन दिसतील. ते म्हणाले, "हसतेय ना गं त्यात?" हो म्हटलं. "मग मोठाच कर. खुर्चीतून दिसायला हवी मला."

हट्टीपणात आई-बाबा दोघं एकमेकांना शोभायची! हात टेकले मी.

१२ मार्च

मालकांनी नाक मुरडलं. "असलं काम दुकानातून बाहेर गेलं तर अब्रू जाईल आपली." म्हटलं, गिऱ्हाईक घरचंच आहे. फ्रेम करून घेतली. चार पावलं लांबून आई दिसते, जवळ गेलं की विरघळते. उद्या बाबा काय म्हणतील?

१३ मार्च, गुरुवार

फ्रेम भिंतीवर टांगली आणि वेष्टन कापायला कात्री आणायला आत गेले. परत येते तर बाबा फ्रेमसमोर उभे. डोळ्यांत पाणी. "किती स्पष्ट आलीय गं! उगाच घाबरवत होतीस मला."

खाकी कागद फ्रेमवर तसाच होता, चारही बाजूंनी चिकटवलेला.