एकोणीस कोरे रकाने

३ तारीख
वृद्धाश्रमात मुक्कामाला आलो. खोली हवेशीर, चहा फक्कड. डेटाबेस बिघडलाय आणि रहिवाशांच्या साऱ्या नोंदी त्यातच. मॅनेजरबाई म्हणाल्या, कागद वाळवीने खाल्ले, कॉम्प्युटर तरी तुम्ही वाचवा. बाई नव्या आहेत, मला ओळखत नाहीत, बरंच झालं. माझी शाळा सातवीत सुटली, पण डिस्कला कान लावला की तिचं दुखणं कळतं. सात नंबरच्या आजींनी विचारलं, कोणाला भेटायला आलास रे? म्हटलं, मशीनला. त्या म्हणाल्या, नशीबवान आहे हो मशीन.

५ तारीख
चारशे बारा नोंदी सहीसलामत निघाल्या. एकोणीस जणांचा शेवटचा रकाना मात्र कोरा. हयात की मृत, काही केल्या वाचता येईना. आमच्या धंद्यातली जुनी सवय: शेजारच्या ओळींत जे असेल तेच कोऱ्या जागी भरायचं. वर-खाली सगळे मृत. हेही एकोणीस मृत. नावंसुद्धा वाचली नाहीत. दारोदार विचारत कोण फिरणार?

६ तारीख
सकाळी आजी गेल्या. आठ नंबरचे मास्तरही. मॅनेजरबाई म्हणाल्या, वयच झालं होतं. मी यादी पाहिली. दोघंही माझ्या एकोणिसातले.

७ तारीख
जेवणघरात आणखी तीन खुर्च्या रिकाम्या. तिघंही यादीतलेच. उरलेले तरी वाचावेत म्हणून एका फटक्यात एकोणीसच्या एकोणीस हयात केले. त्यात आधीच खरोखर गेलेले कोण, हे बघायला हवं होतं. घाईत —

८ तारीख, सकाळ
आज कोणी गेलं नाही. उलट खुर्च्या कमी पडल्या. मॅनेजरबाई खोलीला कडी लावून बसल्यात. सात नंबरमधून आवाज आला. कोणाला भेटायला आलास रे?

दुपार
पहिल्याच दिवशी लिहायचं ते आता लिहितो. बाबांना मीच इथे ठेवलं होतं. दोनदा फाटकापर्यंत आलो आणि परतलो. कामं होती. ते गेल्याचं कळलं तेव्हाही कामंच होती.
यादीत नववं नाव त्यांचं.

जिन्यावर काठी. दोनदा टकटक, मग घासत येणारा पाय. हा कान कधी फसला नाही —

नोंद उघडलीय. पुन्हा मृत लिहिलं की थांबेल. एक शब्द. तेव्हाही न बघताच लिहिला होता —

दारापाशी थांबलेत. बोट बटणावर आहे. विचारतायत, आत येऊ का, की मीही दारावरूनच परत —